भर दुपारचे दिवे आणि पंख्याचं बटण

अमरावती,
९ जून १९६२

आदरणीय पुंजाजी भाऊजी यांना जानरावचा सविनय जयभीम.

साष्टांग नमस्कार लिहिणं मी सहा वर्षांपूर्वी तत्त्व म्हणून सोडलं. अलीकडे माझ्या गुडघ्यांनीही ते तत्त्व स्वीकारलं आहे. तेव्हा आदर पूर्वीइतकाच आहे, फक्त तो आता उभ्याने आहे, असं समजावं. अक्काचा दमा कसा आहे? तुमची कंबर? मालधक्क्यावर उन्हात उभं राहून गोण्या मोजण्याचं काम दुसऱ्या कुणाला देणार होते, त्याचं काय झालं? अकोल्याचं ऊन यंदा अमरावतीच्या दोन डिग्री पुढे आहे असं ऐकतो. हा मान मी तुमच्या गावाला विनातक्रार देतो. तुमची खुशाली पोस्टकार्डावर दोन ओळींत येते हे मला ठाऊक आहे. (पहिली ओळ "सर्व ठीक", दुसरी "पत्र फार लांब होतं".) या वेळी मात्र तिसरी ओळ लिहावी लागेल. ती कशाबद्दल, ते ओघाने येईल.

या पत्राचा विषय गाडी हा आहे. ललिताच्या अर्जाचा विषय मी काढणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. गेल्या हिवाळ्यात तुमच्या ओसरीवर त्या विषयावर मी अर्धा तास बोललो (अक्का म्हणते पाऊण), ते तुम्ही विसरला नसाल. तुमच्या गावच्या सरकारी औद्योगिक शाळेत वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यास निघाला आहे, पोरीला विजेच्या कामाची आवड आहे, मॅट्रिकला विज्ञानात मार्क चांगले आहेत, आमच्याकडे राहील, असं तुम्ही चार वाक्यांत म्हणालात आणि कोरा अर्ज पुढे ठेवलात. त्या चार वाक्यांना मी अर्धा तास उत्तर दिलं. मुलींनी शिकू नये असं मी म्हणालो नव्हतो; तसं म्हणणाऱ्यांच्या विरोधात गेली बावीस वर्षं मी गावोगाव घसा फोडतो आहे. माझं म्हणणं असं होतं की आपल्या बापजाद्यांना गावकीत जी कामं नेमून दिली होती ती सगळी हातांची, पाठीची आणि पायांची होती, डोक्याचं एकही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यात डांबलेला माणूस आत्ता कुठे लेखणीपर्यंत पोचला, तर त्याच्या मुलीच्या हातात पुन्हा पक्कड कशाला? तिने बी. ए. व्हावं, वकील व्हावं, बोलावं. हे मी मनापासून म्हणालो होतो. तुम्ही त्यावर चहा मागवलात. तो अर्ज तेव्हापासून माझ्या टेबलावर जाड शब्दकोशाखाली पडून राहिला, माझ्या सहीवाचून. मुदत पंधरा जूनची आहे. ललिता रोज सकाळी शब्दकोश उचलायची, खालची धूळ झटकायची, अर्ज सरळ करायची आणि शब्दकोश पुन्हा त्याच्यावर ठेवायची. बोलायची काही नाही. त्या बाबतीत ती आईवर गेली आहे. असो. विषय गाडीचा आहे.

गाडी तुम्हीच आम्हांला मिळवून दिलीत. आमच्या वाचनालय मंडळाला खेड्यापाड्यांत पुस्तकं न्यायला आणि सभांना जायला काहीतरी वाहन हवं होतं, आणि धामणगाव रेल्वेचे ओमप्रकाश शेठ, ज्यांच्या कापसाच्या गाठी तुमच्या धक्क्यावरून जातात, ते आपली पंचवीस वर्षांची विलायती गाडी काढायला बघत होते. तुम्ही मध्यस्थी केलीत आणि मला म्हणालात की हॉर्न सोडून गाडीतलं सगळं चालते. त्यात तुमची चूक नाही. तुम्ही गाडी धक्क्यावर उभी असताना पाहिली होती आणि उभी असताना ती खरोखर निर्दोष आहे. या गाडीत स्टिअरिंगच्या बाजूला लाकडी फळीवर एक छोटा रबरी पात्यांचा पंखा आहे. शेठजींनी तो हौसेने बसवून घेतला होता. पुण्यामुंबईच्या माणसाला ही चैन वाटेल. पण आपल्याकडे वैशाखात गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या तर आत येते ती हवा नसते, भट्टीचं तोंड असतं. म्हणून काचा लावाव्या लागतात, आणि काचा लावल्यावर आतल्या माणसांचं आणि मागच्या सीटवरच्या चारशे पुस्तकांचं जे काही व्हायचं ते त्या पंख्याच्या हातात असतं.

तर त्या पंख्याचं बटण बिघडलं होतं. पूर्ण बिघडलं असतं तर सोयीचं झालं असतं. ते अंगठ्याने दाबून धरलं की पंखा चाले आणि अंगठा काढला की थांबे. त्यामुळे प्रवासात कोणीतरी ते दाबून धरणं हे एक पदच निर्माण झालं आणि त्या पदावर ललिताची नेमणूक झाली. ती माझ्या शेजारी बसून उजव्या अंगठ्याने बटण दाबत असे आणि डाव्या हाताने पुस्तक धरत असे; पान उलटताना क्षणभर पंखा थांबत असे. (तिच्या वाचनाचा वेग मला अशा रीतीने घामावरून कळत असे. वेग चांगला आहे.) एकदा तिने मला सांगितलं की बटण गरम होतं, बोटाला चटका बसतो, म्हणजे आतली पट्टी नीट टेकत नसावी. मी तिला सांगितलं की चटका बसत असेल तर रुमाल घे. हे उत्तर मला त्या वेळी पुरेसं वाटलं होतं.

मग मोर्शीच्या रस्त्यावर मनकर्णाला घेरी आली. त्या दिवशी ललिता सोबत नव्हती, बटण मनकर्णाने दाबायचं होतं, आणि ज्याला घेरी येते त्याचा अंगठा आधी सुटतो. एका संत्र्याच्या बागेत तासभर थांबून, मोटेचं पाणी डोक्यावर घेऊन ती सावरली. सावरल्यावर तिने एक वाक्य उच्चारलं, आणि आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाल्याने तिचं एक वाक्य म्हणजे काय हे मला माहीत आहे. ती म्हणाली, "तो पंखा आपल्या मनानं चालन तवाच मी या गाडीत बसीन." आता मनकर्णा गाडीत बसत नाही म्हणजे ती सभेला येत नाही, आणि ती येत नाही म्हणजे सभेत बायका येत नाहीत, कारण गावात पोचल्यावर घरोघर जाऊन बायकांना ओट्यांवरून उठवून आणण्याचं काम ती करते. माझ्या भाषणाला बायका येतात हा माझा समज होता. मोर्शीनंतरच्या दोन सभांत तो दूर झाला.

नवं बटण घ्यावं म्हणून मी नागपूरच्या एका दुकानाला पत्र घातलं. उत्तर असं आलं की या गाडीचं बटण सुटं मिळत नाही. समोरची अख्खी फळी, घड्याळं आणि दिव्यांसकट, मुंबईहून मागवावी लागेल. जी किंमत त्यांनी कळवली तेवढ्यात मंडळ वर्षभराची नवी पुस्तकं घेतं. लोकांच्या पुस्तकांच्या पैशाचा मी वारा खाणार नाही, असं मी मंडळाच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. बैठकीत मी धरून तिघे होतो. दोघांनी मान डोलावली. पण तत्त्वाचा प्रश्न सुटला तरी पंख्याचा राहिलाच.

म्हणून मी शफीक मिस्त्रीकडे गेलो. बडनेरा रस्त्याला कडुनिंबाखाली त्याचं गॅरेज आहे. माणूस सज्जन, हुशार आणि ऐसपैस. उर्दू वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि मगच बॉनेट उघडतो, हा त्याचा नियम मला फार आवडतो. त्याने बटण काढून हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, कानाशी नेऊन हलवलं आणि बाजूच्या डब्यात टाकून दिलं. मग म्हणाला, "मास्तर, पंख्याले अलग बटन पायजेच कायले? बत्तीच्या बटनावर घेतो. मुफत." म्हणजे समोरचे मोठे दिवे लावले की पंखा सुरू, दिवे मालवले की पंखा बंद. मला या कल्पनेने मोहून टाकलं. एकाच साधनात अनेकांचं भागतं हा समाजाचा मूलभूत सिद्धांत आहे, आणि मी त्यावर तिथल्या तिथे, कडुनिंबाखाली, पंधरा मिनिटं बोललो. शफीकची सून शहाजादी चहा घेऊन आली होती, ती चहा निवेपर्यंत उभी राहिली. शफीकने तेवढ्या वेळात तारा जोडून टाकल्या. ललिता सोबत होती. तिने सगळं ऐकून घेऊन एवढंच विचारलं की बॅटरीचं काय. मी म्हणालो, बॅटरीचा इथे प्रश्न नाही. शफीक म्हणाला, प्रश्न आहे, पण गाडी चालती ठेवली तर नाही. हे त्याचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. त्याच वेळी ललिताने डब्यातून ते टाकलेलं बटण उचलून आपल्या पिशवीत घातलं, तेही मी पाहिलं नाही. (माझ्या बावीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात बोलताना मला आजूबाजूचं दिसत नाही, अशी मनकर्णाची तक्रार आहे. मी ती नोंदवून घेतली आहे.)

मागच्या रविवारी, म्हणजे तीन तारखेला, दर्यापूरला सभा होती. विषय मुलींचं शिक्षण. पंखा आपल्या मनाने चालतो हे पाहून मनकर्णा मागे पुस्तकांच्या शेजारी बसली, ललिता पुढे बसली, आणि आम्ही दुपारी बाराला, वैशाखातल्या उन्हात, समोरचे दोन्ही मोठे दिवे लावून निघालो. भाऊजी, भर दुपारी दिवे लावलेल्या गाडीचा माणसांवर काय परिणाम होतो याची मला कल्पना नव्हती. बैलगाड्या लांबूनच रस्ता सोडून काळ्या मातीत उतरू लागल्या. सायकलवाले उतरून उभे राहिले. एका चौकीवरच्या शिपायाने मला सलाम केला. तोपर्यंत त्या रस्त्याने मी पन्नास वेळा गेलो असेन आणि कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं. तेव्हा खोटं कशाला बोलू, सलाम मी घेतला.

वाटेतल्या एका गावात त्या दिवशी शाळेची नवी खोली उघडायची होती, आणि त्यासाठी जिल्ह्याहून शिक्षण खात्यातले कोणी साहेब यायचे होते. दिवे लावलेली गाडी दिसताच ताशा सुरू झाला. मी ब्रेक लावेपर्यंत किसनराव नावाचे वृद्ध सरपंच हार घेऊन खिडकीशी आले होते. मी साहेब नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, हे खरं आहे. पण तोंड उघडताना समोर दोनशे माणसं बसलेली दिसली, आणि माझं तोंड एकदा दोनशे माणसांसमोर उघडलं की ते त्या एका वाक्यासाठी उघडत नाही. मी वीस मिनिटं बोललो. मनकर्णा उन्हात उतरायला तयार नव्हती, ती आतच बसली, पंख्याखाली. म्हणजे इंजिन बंद, पंखा चालू आणि दिवेही चालू. ललिता दोनदा माझ्या मागे येऊन काहीतरी म्हणाली. मी हाताने तिला थांबवलं. भाषण संपल्यावर सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारा एक घामाघूम गृहस्थ मागच्या ओळीत उभा होता, हातात कातडी पिशवी. तेच साहेब. ते एस. टी.ने आले होते. त्यांनी मला भेटून सांगितलं की तुम्ही इतकं बोललात की मला आता काही बोलायचं राहिलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की हार परत करण्याचा विषय मी काढला नाही. गाडी तीन माणसांनी ढकलल्यावर सुरू झाली. ते मी जुन्या गाडीच्या स्वभावावर ढकललं.

दर्यापूरला सभा पाच वाजता सुरू झाली. ऊन कललं होतं. बाजाराच्या मोकळ्या जागेत माणसं भरपूर, आणि मनकर्णा आल्यामुळे डाव्या बाजूला बायकाही भरपूर. लाउडस्पीकर तिथल्या श्रावणचा. तो त्याने आमच्या गाडीच्या बॅटरीवर लावला आणि त्याचं ते तापणारं यंत्र पुढच्या सीटवर ठेवून, ते गार राहावं म्हणून पंखा चालू केला. पंखा म्हणजे दिवेही. मी व्यासपीठावर चढलो तेव्हा मावळतीच्या उन्हात गाडी दोन डोळे उघडून माझ्याकडे बघत होती, आणि मला ते शुभ वाटलं.

मी चांगलं बोलतो हे मी नम्रतेने सांगतो. त्या दिवशी फारच चांगलं बोलत होतो. जगाच्या इतिहासातली उदाहरणं घेत घेत मी वऱ्हाडात आलो. मुलीला काय शिकवावं हे ठरवणारे आपण कोण, असं मी विचारलं. (हा प्रश्न मी पुरुषांच्या बाजूला बघून विचारतो, त्याचा परिणाम होतो.) मुलीला ज्याची ओढ आहे ते तिला शिकू द्या, असं सांगताना मी सवयीप्रमाणे डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोरची सगळी सभा मान वळवून दुसरीकडे बघत होती. असं पूर्वी एकदाच झालं होतं, मोर्शीला, सभेत बैल शिरला होता तेव्हा. मी आवाज वाढवला. मग माझ्या लक्षात आलं की वाढवलेला आवाज माझाच आहे, कर्ण्याचा नाही. लाउडस्पीकर केव्हाच बंद पडला होता. गाडीचे दोन्ही डोळे मिटले होते. आणि सभा बघत होती ती गाडीच्या उघड्या दाराकडे, जिथून दोन पाय बाहेर आले होते. पाय ललिताचे होते. बाकीची ललिता फळीखाली होती.

पुढचं मला नंतर कळलं, पण क्रमाने सांगतो. ते टाकून दिलेलं बटण तिने आठ दिवसांपूर्वी घरीच उघडलं होतं. आतली पितळी पट्टी झिजून वाकली होती, म्हणून टेकत नव्हती, म्हणून गरम होत होती. तिने त्या जागी दुसरी पट्टी कापून बसवली, बाकीचे डाग पॉलिश पेपरने घासून काढले. पॉलिश पेपर बारा नये पैशांचा. पट्टी माझ्या टॉर्चमधली. (टॉर्च मी आठ दिवस शोधत होतो, आणि ती तुमच्याकडे विसरली असा संशय अक्कापाशी पत्राने व्यक्त केला होता. तो मागे घेतो.) बटण तयार करून तिने ते पिशवीत ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही, कारण शफीकभाईने मेहनत करून काम करून दिलं आहे, त्याला वाईट वाटेल. दर्यापूरला बॅटरी मेल्यावर तिने दिव्यांची तार पंख्यापासून सोडवली, जुनं बटण जुन्या जागी बसवलं, श्रावणला आणि पाचसहा माणसांना सांगून गाडी ढकलायला लावली, आणि इंजिन सुरू करून तसंच चालू ठेवलं, म्हणजे बॅटरी भरत राहील. हे सगळं चाललं असताना मुलींच्या शिक्षणावरची सभा मुलीकडे बघत होती आणि मी एकटा बोलत होतो.

मला राग आला. भाषण मोडल्याचा नव्हे, ते सांगतो. ती इंजिन चालू करून कर्ण्याची तार पुन्हा जोडायला फळीखाली वाकली होती, हात कोपरापर्यंत काळे, पदर कमरेला खोचलेला, आणि भोवती गावचे पुरुष उभे राहून बघत होते, आणि मला एकदम माझा बाप दिसला. गावच्या लोकांसमोर वाकलेला. ते चित्र मला पुसायचं आहे म्हणून मी आयुष्यभर बोलतो आहे, भाऊजी. मी माइकपासून तोंड बाजूला घेऊन, फक्त तिला ऐकू जाईल असं, हळू म्हणालो, "ललिता, निघ तिथून. हे काम आपलं नाही."

पण तिचं काम त्याच क्षणाला पुरं झालं होतं. तोंड मी बाजूला घेतलं होतं, माइक मात्र हातात होता. कर्णा सुरू झाला आणि माझं ते वाक्य, अगदी स्वच्छ, दर्यापूरच्या बाजारपेठेच्या पार पलीकडे गेलं. तेवढा स्पष्ट आवाज त्या कर्ण्यातून माझ्या भाषणाचा कधी आला नव्हता.

ललिता फळीखालून बाहेर आली. तिने पदराला हात पुसले नाहीत, पदर खराब होईल म्हणून, तशीच हात पुढे धरून उभी राहिली आणि माइक नसताना म्हणाली, "आबा, वीज कोणाच्याच गावकीत नव्हती."

बस, एवढंच. पुन्हा दारातून आत वाकून तिने पंख्याचं बटण दाबलं, अंगठा काढून घेतला आणि पंखा चालत राहिला.

भाऊजी, मी ग्रंथ पुष्कळ वाचले आहेत. वादविवादात विद्वानांना निरुत्तर केलं आहे. तुमच्या ओसरीवर मी जो अर्धा तास (बरं, पाऊण) बोललो, त्यात सत्तावीस मुद्दे होते, आणि त्या सत्तावीसांपैकी या वाक्याला उत्तर देणारा एकही मला आठवेना. मी उभाच होतो. तेवढ्यात बायकांच्या बाजूने जाईबाई नावाच्या म्हातारीने, जी दर सभेला पहिल्या ओळीत असते आणि अर्ध्यातच झोपते, तिने सांगितलं, "मास्तर, पोरगी बराबर बोलून राहिली. आता तुमी बसा थोडं." आणि मी बसलो. बावीस वर्षांत मला कोणी बसा म्हटल्यावर मी बसलो, असं पहिल्यांदा झालं. टाळ्या फार झाल्या. त्या माझ्या बसण्याला होत्या असं श्रावणचं मत आहे.

परतीच्या वाटेवर दिवे बंद होते. बैलगाड्यांनी रस्ता सोडला नाही आणि त्या शिपायाने पाहिलंही नाही. पंखा मात्र चालू होता, आणि कोणाचाही अंगठा त्यावर नव्हता. ललिताने दोन्ही हातांनी पुस्तक धरलं होतं. अमरावतीला घरात पाय ठेवल्यावर मनकर्णा म्हणाली, "तुमचा शब्दकोश लय जड आहे. उचलून देऊ का?"

शफीकला मी दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं. त्याने वर्तमानपत्र पूर्ण वाचलं, मग गाडीपाशी येऊन बटण दोनचारदा दाबून पाहिलं आणि विचारलं की हे कोणत्या मिस्त्रीचं काम आहे. मी म्हणालो, माझ्या मुलीचं. तो म्हणाला, मग मास्तर, तुम्ही मागच्या वेळी पंधरा मिनिटं बोललात कशावर?

गाडीचा वृत्तांत इथे संपला. बटणाची दुरुस्ती एकूण बारा नये पैशांत आणि एका टॉर्चमध्ये झाली, हे मंडळाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा दोघांनी पुन्हा मान डोलावली. अक्काला सांगा की दम्यावर धुरीपेक्षा डॉक्टरची गोळी बरी. मी त्यावर सविस्तर लिहिणार होतो, पण पत्र लांबलं.

तुमचा उभ्याने आदर करणारा,
जानराव

ता. क. अर्जावर सही सोमवारी सकाळीच केली. शब्दकोश मीच उचलला; खरोखर जड आहे. तिने दोन वर्षं तुमच्याकडे राहावं, ही विनंती. पोस्टकार्डावरची तिसरी ओळ हीच. ती अक्काला मदत करील, खाण्याची तक्रार करणार नाही, आणि तुमच्या घरातली कोणतीही वस्तू उघडून बघील. गेल्या हिवाळ्यातल्या माझ्या भाषणाचा विषय तुम्ही काढणार नाही, या भरवशावर लिहितो आहे. काढलात तरी मी बसून ऐकेन. अलीकडे मला जमतं.

ता. क. २. पोस्टकार्डाला आता वेळ राहिला नाही, हे वरचं लिहून झाल्यावर लक्षात आलं. पंधरा तारीख शुक्रवारी आहे. म्हणून हे पत्र आणि अर्ज घेऊन ललिता स्वतः सोमवारच्या गाडीने, बडनेऱ्याला बदलून, येते आहे. म्हणजे हे वाचताना ती तुमच्या ओसरीवर बसली असेल. नाही म्हणायचं असेल तर आधी तिला पाणी द्या. आणि माझ्या बापाबद्दलचा मजकूर मोठ्याने वाचू नका. मी तिला ते सांगितलेलं नाही.

ता. क. ३. गुरुवारी मोर्शीला सभा झाली. विजेबद्दलचं तिचं ते वाक्य मी तिथे वापरलं. टाळ्या फार पडल्या. वाक्य कोणाचं हे सांगायचं राहून गेलं. पुढच्या सभेत सांगेन. तोवर तुम्ही तिच्यापाशी बोलू नये.

ता. क. ४. (रविवार.) आज सकाळी पंख्याचं बटण आतून पुसावं म्हणून फळी उघडली. आत तिने चिकटवलेला कागद निघाला: "आबा, हात लावू नका. बंद पडलं तर मले कार्ड टाका." फळी तशीच लावून टाकली. पंखा उत्तम चालतो आहे. कार्डं मी बारा आणून ठेवली आहेत.